सस्पेन्स खातं : स्वतःशी बसायला वेळ कधी काढता?

रोजकीर्द | २१ नोव्हेंबर, रात्री ११:१०

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी सांगलीचा. वय ४३. एका सीएंच्या ऑफिसात अकाउंटंट, सतरावं वर्ष चालू आहे. आमचा महिना तारखांवर चालतो. ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-वन रिटर्न, २० ला थ्रीबी. जुलैअखेर रिटर्न, सप्टेंबरअखेर ऑडिट, आणि मार्च तर मार्चच. काल वीस तारीख पार पडली म्हणून आज लिहायला बसलोय.

तशी तक्रार काही नाही. पगार वेळेवर होतो, घर स्वतःचं आहे. मुलगी नववीत, बायको बालवाडीत शिकवते. बाबा घरीच असतात, अर्धांगवायूनंतर डावी बाजू अधू आहे, पण वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. सगळं जागच्या जागी. तरी वर्षभर असं वाटतंय की गाडी स्टँडवर लावून कुणीतरी रेस करतंय. आवाज भरपूर, चाक जागेवरच फिरतंय.

सस्पेन्स खातं म्हणजे काय ते अकाउंटवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. बँकेत एखादी रक्कम आली पण कुणाची, कशाची ते कळेना, किंवा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे-जमेची बेरीज) काही केल्या जुळेना, की तो फरक तात्पुरता सस्पेन्सला टाकायचा आणि पुढचं काम उरकायचं. नंतर शोध घेऊन तो योग्य खात्यात न्यायचा असतो. असतो म्हणजे, नेला पाहिजे. गेल्या आठवड्यात एका हार्डवेअरवाल्याच्या हिशेबात १८,४०० रुपये तिसऱ्या वर्षीही तिथंच पडलेले दिसले. साहेब सहज म्हणाले, "हे अजून किती वर्षं ओढणार आहेस?" ते बोलून चहाला गेलेसुद्धा. मी मात्र बराच वेळ त्या एन्ट्रीकडे बघत बसलो.

तर प्रश्न असा आहे. स्वतःचा हिशेब, खरा, कुणाला दाखवायचा नाही असा, तुम्ही कधी मांडता? मला वेळच मिळत नाही.

---

खिडकीजवळची | २१ नोव्हेंबर, रात्री ११:४२

स्वागत! पहिला धागा आणि थेट काळजात हात.

मी बदलापूर ते सीएसएमटी, एका बाजूला दीड तास. म्हणजे रोजचे तीन तास हक्काचे, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण लेडीज डब्यात उभं राहून मी 'विचार' म्हणून जे करते ते खरं तर उजळणी असते. भाजी कोणती, फी कधी, परवा बॉस काय म्हणाला, त्याला मी काय म्हणायला हवं होतं. तेच भांडण ठाण्यापर्यंत पाच वेळा जिंकते. सीएसएमटीला उतरले की डोकं थकलेलं आणि निष्पन्न शून्य.

त्यामुळे वेळ असला की होतंच असं नाही, एवढं अनुभवाने सांगते.

---

शून्य_प्रहर | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

भाऊ, राग मानू नका. "वेळ मिळत नाही" म्हणता, तर पहिले मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन टाइम किती दाखवते ते इथं टाका बरं. मग बोलू.

आमच्या अकोल्याकडे बांधावर बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की तू आत्मपरीक्षण करून राहिला का. तो बसते. बस. हे 'वेळ काढणं' वगैरे नोकरदारांचे चोचले आहेत.

---

रोजकीर्द | २२ नोव्हेंबर, दुपारी १:२०

शून्य_प्रहर, रोजची सरासरी २ तास ४१ मिनिटं. त्यातलं ऑफिसचं व्हॉट्सॅप वगळा, अर्धा तास धरा. उरलेल्या दोन तासांत मी काय बघितलं म्हणाल तर राजस्थानातला एक माणूस जुने कुलर दुरुस्त करतो ते, आणि ऑस्ट्रेलियात घोड्यांचे खूर कसे साफ करतात ते.

शब्द मागे घेतो. वेळ मिळत नाही असं नाही.

---

कुकरची_शिट्टी | २२ नोव्हेंबर, दुपारी ३:५५

घोड्यांचे खूर :D मीही बघते ते!

पण एक मिनिट. इथे सगळे लगेच "वेळ असतोच हो, आपणच टाळतो" या सुरात जातील, म्हणून आधीच पाचर मारून ठेवते. माझ्याकडे खरंच नसतो. सासूबाई अंथरुणावर आहेत, दोन मुलं, मी घरून शिवणकाम करते. माझा स्क्रीन टाइमसुद्धा तुकड्यांत असतो. दूध तापेपर्यंत चार मिनिटं, सासूबाईंना भरवून झाल्यावर तीन. नवरा वाईट नाही. तो रविवारी सकाळी "जरा चक्कर मारून येतो" म्हणून तळ्यावर जातो आणि दोन तासांनी शांत होऊन येतो. मी "जरा चक्कर मारून येते" म्हटलं तर पहिला प्रश्न "कुठे?", दुसरा "कुणाबरोबर?" आणि विसाव्या मिनिटाला फोन, "डाळीत मीठ घातलंय का?"

बाईने काही न करता एकटं बसणं याला आपल्याकडे नावच नाही. 'पूजा' म्हणा, 'पारायण' म्हणा, 'डोकं दुखतंय' म्हणा. मग बसता येतं.

---

खिडकीजवळची | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

+१००००. मी 'डोकं दुखतंय' वापरते.

---

जुनापिंपळ | २२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मी सेवानिवृत्त शिक्षक, सातारा. वय ७१. आता वेळच वेळ आहे, आणि तरीही धागाकर्त्यासारखीच अवस्था होते हे आधी कबूल करतो. खिडकीजवळच्या ताईंशी सहमत.

एक सुचवावंसं वाटतं. आपल्याकडे समर्थांनी मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची सोय करून ठेवली आहे. २०५ श्लोक, आणि हाक कुणाला, तर स्वतःच्याच मनाला. शाळेत आम्ही ते मुलांकडून ओरडून पाठ करून घेतले, त्यामुळे त्यातली खरी गंमत कुणाला कळली नाही, मलासुद्धा नाही. माणूस 'मी, मी' करत विचार करू लागला की वकील होतो. त्याऐवजी स्वतःला एकेरीत हाक मारावी, आपल्या नावाने. "काय रे, आज वर्गात त्या पोरावर का खेकसलास?" असं मी खरोखर विचारत असे. उत्तर द्यावं लागतं हो. आपल्याच नावाने कुणी विचारलं तर टाळता येत नाही.

---

शून्य_प्रहर | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

गुरुजी, स्वतःशी बोलणाऱ्याला आमच्याकडे वेगळ्या डॉक्टरकडे नेतात. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

---

मनकवडी_नाही | २३ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

मी समुपदेशक आहे, ठाण्यात. सहसा कामाबद्दल इथे लिहीत नाही, पण हा धागा सुटेना.

गुरुजींनी सांगितलं त्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. 'मी' ऐवजी स्वतःला नावाने संबोधून विचार केला की माणूस त्याच प्रसंगाकडे थोडं लांबून बघू शकतो, असं प्रयोगांत दिसतं. म्हणजे शून्य_प्रहर, डॉक्टरकडे नेऊ नका, वही द्या.

खिडकीजवळचीने जे लिहिलंय त्याला मी क्लायंटशी बोलताना 'गुऱ्हाळ' म्हणते. बैल गोल फिरतोय, रस कधीच संपलाय, आता चिपाडंच पिळतोय. गुऱ्हाळ आणि विचार बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हीत माणूस खिडकीबाहेर बघत गप्प बसलेला असतो. फरक ओळखायची माझी खूण अगदी साधी आहे. अर्ध्या तासाने तुमच्याकडे एखादी नवी गोष्ट आहे का? नवी तारीख, नवा तपशील, आपल्याबद्दलची नको असलेली एखादी माहिती? नसेल तर ते गुऱ्हाळ. "माझं असं का झालं" या प्रश्नाने बहुतेक वेळा गुऱ्हाळच सुरू होतं, कारण 'का' ला मन लगेच सोयीचं उत्तर देतं. "नेमकं काय झालं, कोणत्या दिवशी, तेव्हा मी काय केलं" असं विचारलं की बैल थांबतो.

आणि बसणं अवघड जातं यात तुमचं काही चुकत नाही. २०१४ साली अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एका खोलीत १५ मिनिटं नुसतं बसायला सांगितलं. फोन नाही, पुस्तक नाही. फक्त एक बटण, दाबलं तर विजेचा हलका झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसेही देऊ, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी एकदा तरी बटण दाबलं. स्वतःबरोबर पंधरा मिनिटं बसण्यापेक्षा झटका बरा!

मी लिहायला सांगते. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाचा १९८६ सालचा प्रयोग आहे. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं. घटना आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. पण लिहून उठल्या उठल्या बरं वाटत नाही, उलट जड वाटतं, हे त्याच प्रयोगात दिसलं होतं. तेवढी तयारी ठेवा.

एक सूचना मात्र गंभीरपणे देते. झोप उडालीय, जेवण जात नाही, दोन-दोन आठवडे कशातच रस वाटत नाही, जगू नये असं मनात येतंय, असं असेल तर एकट्याने वही घेऊन बसू नका. माणसाशी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

---

इगतपुरी_रिटर्न | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

आयडीवरून कळलंच असेल. धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय. पहाटे चारला घंटा, फोन जमा, बोलणं बंद, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. फी नाही, शेवटी वाटलं तर दान द्यायचं. सगळ्यांनी एकदा जावंच.

---

शून्य_प्रहर | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:११

आला प्रचारक.

---

इगतपुरी_रिटर्न | २३ नोव्हेंबर, दुपारी २:४८

ऐका तर. मी धागाकर्त्याला जा म्हणणार नाहीये (वर म्हटलं खरं, पण घाईत म्हटलं). त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे वही-पेनही नेऊ देत नाहीत. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना. "माझ्या आयुष्याचं काय चाललंय" याचा हिशेब तिथे करायचाच नसतो. हिशेब आपोआप वर येतो, तेव्हा तोही नुसता बघायचा. मी नोकरी सोडायची का हे ठरवायला गेलो होतो. दहा दिवसांत ठरलं नाही. पण चौथ्या की पाचव्या दिवशी गुडघे बोंबलत असताना लक्षात आलं की नोकरीचा विचार आला की माझा जबडा आवळला जातो, आणि तो चौदा वर्षं आवळलेलाच आहे. डेंटिस्टने दोनदा सांगितलं होतं, दात घासले जातायत म्हणून. मी दाताचा खर्च केला.

सोडली नोकरी. पण सात महिन्यांनी, आणि गणित करून. डोंगरावरून उतरून राजीनामा दिला वगैरे काही नाही.

---

मेपलची_पानं | २४ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

मिसिसागाहून, कॅनडा. इथे माझं ठिकाण म्हणजे गॅरेज. ऑफिसातून आले की गाडी आत घ्यायची, इंजिन बंद, दरवाजा खाली, आणि दिवा आपोआप विझेपर्यंत गाडीतच बसायचं. नवऱ्याला वाटायचं मी फोनवर बोलते. खूप दिवसांनी सांगितलं की नुसती बसते. आता त्याची गाडी आली की मीही दहा मिनिटं आतून दार उघडत नाही.

कुकरची_शिट्टी, तुझं वाचून मात्र वाटलं, गॅरेज असणं हीसुद्धा चैनच की.

---

रोजकीर्द | २९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. आठवडाभराचा अहवाल देतो, सवयीचा गुलाम.

सोमवारपासून ऑफिस सुटल्यावर गणपती मंदिराच्या मागं घाटावर जाऊन बसतोय. आयर्विन पूल दिसतो तिथून. फोन गाडीच्या डिकीत, सोबत शंभर पानी वही. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत उठलो. दुसऱ्या दिवशी भेळवाल्याशी गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी लिहायला घेतलं आणि दोन पानं भरली. घरी येऊन वाचली तर सगळी साहेबांविरुद्ध फिर्याद! मनकवडी_नाही, गुऱ्हाळच ते. नवी एकही नोंद नाही.

मग गुरुजींची युक्ती केली. स्वतःचं नाव लिहून खाली प्रश्न, "शेवटचं कधी तू एखादी गोष्ट अर्धवट न सोडता केलीस?" त्यावर पेन जे थांबलं ते थांबलंच.

---

जुनापिंपळ | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:००

अर्धवट हा शब्द तुम्हीच निवडलात, हे ध्यानात घ्या.

अवांतर : सांगलीत आहात तर हरिपूरला का जात नाही? कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. तरुणपणी मी एकदा तिथे एक अख्खी दुपार काढली होती. रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिंचेची झाडं. घाटापेक्षा शांत.

---

रोजकीर्द | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:४०

हरिपूर नको गुरुजी. घाट बरा आहे.

---

कुकरची_शिट्टी | २ डिसेंबर, दुपारी ४:१०

माझाही अहवाल. शिवणाच्या मापाच्या वहीत मागच्या बाजूने लिहायला सुरुवात केली. ती वही उघडी दिसली तरी कुणी विचारत नाही, मापंच असणार म्हणून. रोज चार-पाच ओळी. बॉबिन भरून होईपर्यंत जेवढं होईल तेवढं.

काल लिहिलं ते इथे टाकते, कारण घरात कुणाला सांगू? "सासूबाई गेल्या की मी काय करीन याचं चित्र माझ्याकडे तयार आहे. त्यात मी पडदे बदललेत." वाचून घाबरले. मग लक्षात आलं, मी त्या जाण्याची वाट बघत नाहीये. मला पडदे बदलायचेत. आज कापड फाडलं आणि त्यांच्याच खोलीला नवे पडदे शिवायला घेतले. सासूबाई म्हणाल्या, "रंग बरा आहे."

---

मनकवडी_नाही | २ डिसेंबर, रात्री ९:२२

मापाची वही! हे मी उद्यापासून दहा जणींना सांगणार आहे.

---

शून्य_प्रहर | ३ डिसेंबर, सकाळी ६:५०

ताई, पडद्याचं आवडलं. बाकी मी अजून माझ्या मतावर आहे. कळून काय होते? रोजकीर्द भाऊंना समजा कळलं की आपण अर्धवटराव आहोत, तर पुढं? वय ४३, घर चालवायचं आहे. माणसाले एवढं खणून काढलं की मग त्या खड्ड्यात उभं राहणंच बाकी राहते.

---

रोजकीर्द | ७ डिसेंबर, रात्री १२:३५

टीडीएसची तारीख तोंडावर होती, ऑफिसात उशीर झाला. घरी आलो, सगळे झोपलेत. लिहून टाकतो, सकाळी धीर होणार नाही.

मला सगळे ओळखतात ते 'सीए करता करता राहिला' म्हणून. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, व्यवस्थित झाली. फायनलचे तीन अटेम्प्ट दिले, एकदा दुसरा ग्रुप तीन मार्कांनी गेला. चाळीसच्या वर प्रत्येक पेपरला, पण एकूण पन्नास टक्के भरेनात. मग फेब्रुवारी २००९ मध्ये बाबांना झटका आला. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. त्यांचा उजवा हात वाचला, पण अडत सुटली. घर माझ्यावर आलं, मी नोकरी धरली, सीए राहिलं. ही झाली गोष्ट. लग्न ठरताना सासऱ्यांना हीच सांगितली, साहेबांना हीच माहीत आहे.

घाटावर मी फक्त तारखा लिहिल्या. मनकवडी_नाही, तुम्हीच म्हणालात, का नको, कोणत्या दिवशी ते लिहा. अकाउंटंटला तारीख टाकायला सांगितली की तो खोटी टाकू शकत नाही, हात जात नाही.

नोव्हेंबर २००८ चा चौथा अटेम्प्ट. फॉर्म भरला, फी भरली, हॉल तिकीट आलं. जूनपासून पुस्तक उघडलं नव्हतं. पेपरच्या दिवशी सकाळी आईकडून डबा घेऊन, दह्याची कवडी हातावर घेऊन, कोल्हापूरला जातो म्हणून निघालो आणि हरिपूरला जाऊन बसलो. संगमावर. पेपर सुटून एसटीनं परत यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ. आठ पेपर, आठ दिवस, आठ डबे. एका दिवशी डब्यात शिरा होता. ओळखीचं कुणी भेटलं नाही.

जानेवारीत घरी सांगितलं, दोन्ही ग्रुप गेले. फेब्रुवारीत बाबा पडले.

मी कुणालाही सांगितलं नाही की बाबांच्यामुळं राहिलं. लोकांनीच जोडलं, मी फक्त खोडलं नाही. आणि बाबा... घरी कुणीही आलं की चहा यायच्या आत बाबा म्हणतात, "माझ्यामुळं पोराचं सीए राहिलं." सोळा वर्षं. मी तिथंच बसलेला असतो. बशीत चहा ओततो.

शून्य_प्रहर, कळून काय होतं माहीत नाही. मला आज पहिल्यांदा कळलं की ती रक्कम कुणाच्या नावे पडून आहे.

---

खिडकीजवळची | ७ डिसेंबर, रात्री १२:५८

वाचलं. आत्ता काही लिहीत नाही. जागी आहे एवढंच.

---

जुनापिंपळ | ७ डिसेंबर, सकाळी ५:४५

हरिपूरचा विषय मी काढला, त्याबद्दल माफ करा. आणि माफ करू नका.

वर्गात अशी मुलं पाहिली आहेत. नापास होण्यापेक्षा पेपरला न बसणं सोपं वाटतं. निदान "दिला असता तर" शिल्लक राहतं. मीही त्यांना 'आळशी' म्हणून मोकळा झालो.

---

शून्य_प्रहर | ७ डिसेंबर, सकाळी ७:१५

भाऊ, माझा आधीचा प्रतिसाद मागे. बाबांना सांगा. की नका सांगू? काय माहीत बावा. म्हातारा माणूस आहे, आत्ता सांगून त्यांच्या हाती काय देता तुम्ही? तुमचं ओझं उतरंल, त्यांच्यावर चढंल असं नको व्हायला.

---

मनकवडी_नाही | ७ डिसेंबर, दुपारी १:३०

शून्य_प्रहर यांचा प्रश्न अगदी योग्य आहे. कबुली पुष्कळदा कबूल करणाऱ्याच्या सोयीची असते. मी नेहमी विचारते, हे सांगितल्याने ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून काही उतरणार आहे की त्याच्या डोक्यावर काही चढणार आहे? इथे मात्र बाबांच्या डोक्यावर सोळा वर्षं आधीच काहीतरी आहे. निर्णय तुमचा. घाई नको. आणि आधी बायकोशी बोला, असं मला वाटतं.

---

कुकरची_शिट्टी | ७ डिसेंबर, दुपारी १:४५

शिऱ्याचा डबा डोक्यातून जात नाहीये. आईने पेपरला गोड म्हणून केला असणार.

---

रोजकीर्द | १४ डिसेंबर, रात्री ११:२०

अकरा तारीख मधे होती, म्हणून उशीर.

बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, जुनं झालं. तिनं भाजी निवडायची थांबवली. म्हणाली, "मी या घरात आल्यापासून बाबांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतेय. सगळं करते. पण मनात त्यांच्यावर एक राग धरून होते, यांच्यामुळं माझा नवरा दुसऱ्याच्या ऑफिसात खर्डेघाशी करतो म्हणून. कधी बोलून दाखवला नाही, पण होता. तो आता मी कुठं ठेवू ते सांग." मी गप्प. दोन दिवस कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी बघतो तर बाबांची नखं कापायला ती बसली होती. ते काम नेहमी माझं असतं.

हा हिशेब मी धरलाच नव्हता. माझी एक नोंद चुकीची राहिली आणि तिच्याही वहीत सोळा वर्षांच्या बेरजा चुकत गेल्या. म्हणजे पंधरा, ती २०१० ला आली.

काल शनिवारी बाबांना सांगितलं. टीव्ही चालू होता. तारखेसकट सांगितलं. हॉल तिकीट, हरिपूर, आठ दिवस. ते ऐकत होते की नाही कळेना, बघत टीव्हीकडेच होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "किती मार्कानं गेलं होतं म्हणालास तेव्हा?" म्हटलं तीन. "अन् मग बसलाच नाहीस." नाही. "हं." मग म्हणाले, आवाज वाढव, बाजारभाव सांगायलेत. हळदीचा भाव ऐकला, चुकीचा सांगताहेत म्हणून त्या निवेदकाला शिवी दिली आणि झोपायला गेले.

मला वाटलं, संपलं. काही झालंच नाही.

आज सकाळी अडतीवरचे त्यांचे एक जुने हमाल भेटायला आले होते. महिन्यातून एकदा येतात. चहा आत होता. बाबांनी सवयीनं सुरुवात केली, "माझ्यामुळं पो..." आणि थांबले. वॉकरवर हात होता तो उचलून माझ्याकडं केला आणि म्हणाले, "याचं सीए राहिलं." हमालमामांना काही फरक कळला नाही. ते म्हणाले, "चालायचंच."

मी चहा आणायला आत गेलो.

---

कुकरची_शिट्टी | १४ डिसेंबर, रात्री ११:३१

…

---

खिडकीजवळची | १५ डिसेंबर, सकाळी ७:४८

अंबरनाथ गेलं, आता वाचलं. शेजारची विचारतेय काय झालं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

---

शून्य_प्रहर | १५ डिसेंबर, सकाळी ८:०२

हळदीचा भाव खरंच चुकीचा सांगितला होता काय?

---

रोजकीर्द | १५ डिसेंबर, दुपारी २:१५

हो. बाबांनी यार्डात फोन करून खात्री केली. क्विंटलमागं दोनशेचा फरक होता.